लिंबू पिळलं तरी रस येत नाही, आला तर कडू लागतो: काय तपासाल?

लिंबू, मोसंबी, संत्रं हाताने पिळणाऱ्यांच्या दोन तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात. रस फार कमी निघतो ही एक, आणि रस कडू होतो ही दुसरी. लोक त्या वेगवेगळ्या म्हणून सांगतात, पण बहुतेक वेळा बिघाड एकच असतो. रस येईना म्हणून जोर वाढवला जातो, आणि जोर वाढला की सालीतलं तेल, सालीखालच्या पांढऱ्या थरातला कडवटपणा आणि चिरडलेल्या बियांचा अर्क असं सगळं रसात उतरतं. त्यामुळे "आणखी जोर लावा" हा सल्ला मी कधीच देत नाही. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात आणि साधन बदलण्यापर्यंत जातात. त्याच क्रमाने करा. बहुतेकांचं काम पहिल्या चार-पाच पायऱ्यांतच होतं.

लक्षणं

आपली तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी ठरवा.

- रस कमी आला, पण पिळून झालेली साल ओली आणि जड आहे. फळात रस आहे, तो बाहेर येत नाही. तापमान, काप किंवा साधन यांपैकी काहीतरी चुकतंय.
- रस कमी आला आणि चोथाही कोरडा, भुसभुशीत आहे. दोष फळातच आहे.
- पहिल्या घोटालाच कडू. जास्त दाब, चिरडलेल्या बिया, किंवा मुळातच कडवट जातीचं फळ.
- ताजा रस छान होता, अर्ध्या-एक तासाने कडू झाला. हा प्रकार वेगळा आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.
- ओठ चुरचुरतात, रसावर बारीक तेलकट तवंग दिसतो. सालीतलं तेल उतरलं आहे.
- रसाला धातूची चव येते. भांडं किंवा पिळणी तपासा.
- रस डोळ्यांत, कपड्यांवर उडतो किंवा कोपरापर्यंत ओघळतो. फळ पिळणीत उलटं बसवलं आहे किंवा पिळणी फळाच्या मानाने लहान-मोठी आहे.
- बोटं, अंगठा, मनगट दुखतं, किंवा हातावर डाग, फोड उठतात. हे लक्षण असेल तर बाकीचं सोडून शेवटचा भाग आधी वाचा.

१. पिळून झालेली साल बघा

सगळ्यात सोपी तपासणी हीच, आणि ती कोणी करत नाही. पिळलेली वाटी कचऱ्यात टाकण्याआधी उजेडात धरून आत बघा. लिंबू-संत्र्याच्या प्रत्येक फोडीत रसाने भरलेल्या बारीक, लांबट पिशव्या असतात. त्या फोडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे सालीकडे, देठाने चिकटलेल्या असतात आणि त्यांची टोकं मधल्या गाभ्याकडे वळलेली असतात. पिळल्यावरही सालीच्या कडेला या पिशव्या चमकदार, टपोऱ्या दिसत असतील, तर तिथला रस तुम्ही फळातच सोडला आहे. अंगठा दाबून बघा, लगेच ओलावा वर येईल. मधला भाग रिकामा आणि कडेचा भरलेला दिसला तर पिळणीचं टोक फक्त मध्येच फिरतंय. एक बाजू चेपलेली आणि दुसरी तशीच असेल तर दाब तिरका पडतोय.

उलट आतले पडदे फाटून त्यांच्या चिंध्या झाल्या असतील आणि पांढरा थर खरवडला गेला असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिळलं आहे. मग कडूपणाचं कारण शोधायला पुढे जायची गरज नाही.

घरात वजनकाटा असेल तर आकड्यांतही कळतं. पिळण्याआधी फळाचं वजन घ्या, नंतर रसाचं घ्या. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या वजनाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत रस निघाला तर पिळण्यात दोष नाही. ९० ग्रॅमच्या लिंबातून ३० ते ४० मिली रस मिळाला की समाधान मानायला हरकत नाही. अनेकांची तक्रार इथेच मिटते, कारण त्यांची अपेक्षाच फळाच्या आवाक्याबाहेरची असते.

२. फळ हातात तोलून बघा

सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या. जे जड लागतं त्यात रस जास्त. फळ हलकं असण्याची दोन कारणं असतात: एक तर साल जाड आहे, नाहीतर आतलं पाणी उडून गेलं आहे. गुळगुळीत, तुकतुकीत, किंचित दबणारी साल बहुधा पातळ असते. खडबडीत सालीचं, देठापाशी मान निघालेलं फळ दिसायला मोठं असतं, पण त्यातला बराच भाग सालीखालचा पांढरा थर असतो.

आंब्या-केळ्यासारखी ही फळं तोडल्यावर पिकत नाहीत. घरी ठेवून त्यांत रस वाढेल या आशेवर राहू नका. ठेवलेल्या फळाचं उलट पाणीच कमी होतं. टोपलीत उघड्यावर ठेवलेल्या लिंबाची साल आठवडाभरात कातड्यासारखी चिवट व्हायला लागते. तीच लिंबं बंद डब्यात किंवा पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार आठवडे रसाळ राहतात. डबा बंद हवा, कारण फ्रिजमधली कोरडी हवाही फळातलं पाणी ओढते.

३. फळ थंड आहे का?

फ्रिजमधून काढलं आणि लगेच पिळलं: रस कमी येण्याचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण हेच. थंड फळाची साल आणि फोडींचे पडदे ताठ असतात, त्यामुळे हाताचा दाब आतपर्यंत पोचत नाही. शिवाय थंड द्रव जास्त दाट वाहतो. साध्या पाण्याचंच बघा ना: ५ अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ३० अंशांच्या जवळजवळ दुप्पट असतो. रसाचंही तसंच.

उपाय फुकटचा आहे. पिळण्याआधी तासभर फळ बाहेर काढून ठेवा. घाई असेल तर हाताला सोसवेल अशा गरम पाण्यात, साधारण ४०-४५ अंशांच्या, दहा मिनिटं बुडवा. मायक्रोवेव्ह असेल तर एका लिंबाला दहा-पंधरा सेकंद पुरतात. फळ कोमट लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. जास्त गरम केलं तर सालीतलं तेल सुटतं, ताजा वास जातो, कडूपणा तयार होण्याची क्रियाही जोर धरते, आणि अखंड फळ आतल्या वाफेने फुटू शकतं.

जुनी, घट्ट झालेली लिंबं असतील तर आणखी एक मार्ग आहे. ती अख्खी फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा आणि मग बाहेर काढून नीट वितळू द्या. गोठताना रसाच्या पिशव्यांच्या भिंती बर्फाच्या कणांनी फाटतात, त्यामुळे वितळलेलं लिंबू हलक्या दाबानेही रस सोडतं. साल मात्र मऊ, लिबलिबीत होते, म्हणून किसायची असेल तर गोठवण्याआधीच किसून घ्या.

४. लोळवणं

ओट्यावर तळहाताखाली लिंबू दाबून लोळवण्याचा सल्ला सगळेच देतात. त्याने काय होतं आणि काय होत नाही, ते नीट समजून घ्या. लोळवल्याने आतल्या काही पिशव्या फुटतात आणि पडदे सैल होतात. नुसत्या मुठीने पिळणाऱ्याला याचा चांगला फायदा होतो. दांड्यांची पिळणी वापरणाऱ्याला तेवढा होत नाही, कारण फोडायचं काम पिळणीच करते.

अर्धा मिनिट पुरे. दाब तळहाताचा द्या, बोटांच्या टोकांचा नको. साल फाटून देठाशी रस झिरपायला लागला म्हणजे अति झालं. आणि लोळवण्याआधी फळ वाहत्या पाण्याखाली धुऊन पुसून घ्या. धुवायचं कारण असं की सालीवरचा मेण, धूळ, फवारणीचा अंश सुरीच्या पात्यावरून थेट गरात जातो. पुसायचं कारण सुरक्षेचं आहे. ओलं फळ सुरीखाली सटकतं.

५. काप कुठून घेता?

इथे जरा थांबतो, कारण हा बदल फुकट आहे आणि परिणाम मोठा.

फळ देठ वर करून उभं धरलं असं समजा. देठापासून खालच्या टोकापर्यंत उभं चिरलं, तर सुरी दोन फोडींमधून, फार तर दोन पडद्यांच्या कडेने जाते. बाकीच्या फोडी आपापल्या पडद्यांत बंदच राहतात. फळात साधारण आठ ते दहा फोडी असतात, म्हणजे बहुतेक रस अजून बंद खोल्यांत आहे, आणि तो बाहेर काढायला प्रत्येक पडदा दाबाने फाडावा लागणार. आडवं, मधोमध चिरलं की एका घावात सगळ्या फोडी उघड्या पडतात. चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली की काप बरोबर आला.

म्हणून पिळायचं फळ आडवंच कापा. उभ्या फोडी शोभेला आणि ताटात वाढायला ठीक.

नुसत्या हाताने पिळत असाल तर आणखी एक पद्धत चांगली आहे. फळाचा मधला गाभा टाळून त्याच्या बाजूने तीन किंवा चार जाड गाल कापा. बहुतेक बिया गाभ्यालाच चिकटून राहतात, आणि बिनगाभ्याचा तुकडा बोटांत सहज दुमडतो. बोटं दुखणाऱ्यांना मी हीच पद्धत सांगतो, कारण दुमडायला जोर लागत नाही.

सुरीला धार हवी. बोथट सुरी पिशव्या कापण्याऐवजी चेपते, आणि तिथेच चमचाभर रस पाटावर सांडतो. तो पाट संगमरवराचा असेल तर रस लगेच पुसा. आम्ल संगमरवराला खातं, आणि तो पांढुरका डाग पुसून जात नाही.

६. पिळणीत फळ कसं ठेवता?

दोन दांड्यांच्या लिंबूपिळणीत अर्धं लिंबू वाटीच्या आकारात छान बसतं, म्हणून लोक सालीची फुगीर बाजू खाली ठेवतात. ते उलटं आहे. कापलेली बाजू भोकांकडे, म्हणजे खाली, आणि साल वर. वरचा फुगवटा मग सालीवर दाब देऊन ती आतून बाहेर उलटवतो आणि रस सरळ भोकांतून खाली पडतो. उलटं ठेवलं तर साल भोकं झाकते, रसाला वाट मिळत नाही, तो कडेने उडतो आणि तुमच्या डोळ्यांत जातो. रस उडण्याची तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी एवढंच विचारतो: कापलेली बाजू कुठे होती?

जाड सालीचं लिंबू नीट उलटत नसेल तर दोन्ही टोकांची पातळ चकती कापून टाका. साल मग सहज दुमडते. लहान लिंबू मोठ्या वाटीत टाकलं तर ते कडेला सरकून तिरकं चेपलं जातं. मोठं फळ लहान वाटीत कोंबलं तर दांड्या पुऱ्या मिटत नाहीत आणि बिजागरीवर ताण येतो. मापाची पिळणी नसेल तर फळाचे आणखी तुकडे करा.

दाब सावकाश द्या. एका झटक्यात दाबलं की थोडाच रस भोकांतून जातो, बाकीचा उडतो. दांड्या मिटल्यावर दोन-तीन सेकंद तसंच धरा, सोडा, साल पाव वळसा फिरवा, पुन्हा एकदा हलकं दाबा. तिसऱ्यांदा दाबू नका. त्यातून मिळणाऱ्या थेंबांत रसापेक्षा सालीचं तेलच जास्त असतं.

७. हे साधन या फळासाठी आहे का?

साधन चांगलं असतं, फक्त चुकीच्या फळावर वापरलं जातं. लिंबाला दांड्यांची पिळणी उत्तम. मोसंबीला आणि घट्ट सालीच्या संत्र्याला खाचांच्या उंचवट्याचं हाताचं ज्यूसर बरं, कारण त्यात साल दुमडत नाही आणि तेल कमी उतरतं. अर्धी मोसंबी उंचवट्यावर बसवा, हलका दाब देत अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे असं फिरवा, आणि फळ थोडं कलवत राहा म्हणजे कडेच्या पिशव्याही फुटतात. खाचांना पांढरा थर लागायला लागला, की घासल्याचा आवाज बदलतो आणि हाताला खरखर जाणवते. तिथे हात थांबवा. ही खूण एकदा हातात बसली की मोसंबीच्या रसाचा कडूपणा निम्म्याहून जास्त वेळा जातो, असा माझा अनुभव आहे.

सैल सालीच्या संत्र्याला मात्र या दोन्ही साधनांचा उपयोग नाही. त्याची साल गरापासून सुटलेली असते, त्यामुळे दाब दिला की ती नुसती सरकते. ते सोलून घ्या, वरचे पांढरे धागे काढा, फोडींच्या गाभ्याकडच्या कडेला चीर देऊन बिया काढा, मग फोडी स्टीलच्या गाळणीत टाकून डावाच्या पाठीने दाबा. वेळ लागतो. पण या संत्र्याचा हाताने काढलेला चांगला रस मी दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने निघालेला पाहिला नाही.

पपनस आणखी वेगळं. त्याचा पांढरा थर खूप जाड असतो आणि पडदे कडू असतात. अर्धं करून पिळलंत तर रस कडू होणारच. प्रत्येक फोडीचा पडदा सोलून फक्त गर दाबायचा.

साधनच नसेल तर काटाचमचा पुरतो. अर्ध्या लिंबात काटा खुपसा, मुठीने लिंबू आवळत काटा मागे-पुढे फिरवा. चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये, बिजागरीच्या जवळ, अर्धं लिंबू ठेवून दाबलं तर तरफेचा फायदा मिळतो आणि कमी ताकद लागते. मुठीने पिळताना कापलेली बाजू वर ठेवा: रस कडेने खाली वाहतो, बिया बहुतेक वरच अडकतात.

८. कडूपणा कधी येतो, त्यावरून कारण ओळखा

लगेच जाणवणारा कडूपणा आणि उशिरा येणारा कडूपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे.

ग्रेपफ्रूट आणि पपनसात नारिंजिन नावाचं कडू द्रव्य असतं, मुख्यतः पांढऱ्या थरात आणि पडद्यांत. ते फळात आधीपासूनच कडू असतं, म्हणून पहिल्या घोटाला कळतं. उपाय एकच: पडदे आणि पांढरा थर रसात येऊ न देणं.

उशिरा येणारा कडूपणा लिमोनिनचा. अखंड फळात, बिया सोडल्या तर, लिमोनिन जवळपास नसतंच; त्याचं बिनचवीचं पूर्वरूप पडद्यांत आणि पांढऱ्या थरात असतं. पिळताना पेशी फुटल्या की ते पूर्वरूप रसातल्या आम्लाला भेटतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. म्हणून पिळल्या-पिळल्या गोड लागणारा रस तासाभराने कडू लागतो, आणि लोकांना वाटतं रस खराब झाला. खराब झालेला नसतो. नाभीसारखी खूण असलेली नेव्हल संत्री यासाठी प्रसिद्ध आहेत. तो रस ठेवायला काढूच नका, लगेच प्या. बियांत लिमोनिन तयारच असतं, त्यामुळे चिरडलेली बी रस लगेचच बिघडवते.

उशिराच्या कडूपणावर काय चालतं? रस काढल्याबरोबर गाळा. चोथा, पडद्यांचे तुकडे, बिया रसात मुरत ठेवू नका. गाळणीत उरलेला चोथा चमच्याने दाबून शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा. पूर्वरूप त्याच चोथ्यात आहे. रस लगेच थंड करा, थंडीत ही क्रिया मंदावते. कडूपणा आल्यावर तो काढता येत नाही, फक्त झाकता येतो. साखर झाकते, चिमूटभर मीठही झाकतं. मीठ जिभेला कडूपणाची जाणीव कमी करून देतं, आणि साखर वाढवण्याआधी मी तेच करून बघतो.

तेलकट तवंग आणि ओठांची चुरचुर हा तिसरा प्रकार. सालीच्या रंगीत भागात तेलाच्या बारीक कुप्या असतात, आणि संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन नव्हे, लिमोनीन असतं. नावं जुळी, पण पदार्थ अगदी वेगळे: लिमोनीन सुगंधी आणि झोंबरं, लिमोनिन कडू. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. रस पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि वरचा पापुद्रा चमच्याने काढा.

९. धातूची चव

लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं आणि त्याचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास. इतकं आम्ल उघड्या ॲल्युमिनियमला, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला, लोखंडाला खातं. पिळणीचा रंग उडालेला दिसला, आत काळपट किंवा पांढुरके खड्डे पडलेले दिसले, तर चव तिथूनच येते आहे. अशी पिळणी बदला, ती घासून उपयोग नाही. स्टील, काच, चिनी माती, लाकूड, खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक चालतं. लाकडी पिळणी लगेच धुऊन उभी वाळवा, नाहीतर खाचांत बुरशी धरते.

तांबं टाळण्याचं आणखी एक कारण आहे: त्याच्या संपर्कात क जीवनसत्त्व वेगाने नष्ट होतं. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, बरा होतो हे दाखवलं होतं. पुढे ब्रिटिश आरमाराने लेमनऐवजी (मोठं पिवळं लिंबू) वेस्ट इंडिजमधल्या लाईमचा (लहान, पातळ सालीचं लिंबू) रस घ्यायला सुरुवात केली. त्यात हे जीवनसत्त्व मुळात कमी, त्यात तो रस हवेत, उजेडात आणि तांब्याच्या नळ्यांतून फिरलेला. १८७५ मध्ये निघालेल्या जॉर्ज नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत हा रस बरोबर होता, तरी खलाशांना स्कर्व्ही झाला. रस काढल्यावर तो काचेत झाकून ठेवायचा, हे मी त्या गोष्टीवरून पक्कं धरलं आहे. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, बर्फाच्या साच्यात गोठवून काही महिने.

१०. फळातच दोष असेल तर

सगळं बरोबर करूनही रस नाही आणि कापल्यावर गर पांढुरका, कडक, दाणेदार दिसतो. मोसंबी आणि संत्र्यात हे अनेकदा घडतं: रसाच्या पिशव्यांच्या भिंती जाड होतात, आतला द्रव घट्ट होतो. सुरुवात बहुधा देठाच्या बाजूने होते, आणि फार मोठी किंवा झाडावर जास्त दिवस राहिलेली फळं जास्त सापडतात. कडाक्याच्या थंडीत गोठलेलं फळही आतून असंच कोरडं पडतं.

हा दोष पिळण्याने जात नाही. गरम करू नका, लोळवू नका, जोर लावू नका. स्वच्छ सालीचा वरचा रंगीत भाग किसून वापरा आणि बाकीचं सोडून द्या. त्याच ढिगातलं आणखी एक फळ कापून बघा. तेही तसंच निघालं तर उरलेली फळं परत करा.

घरच्या झाडाला दरवर्षी अशीच फळं येत असतील, तर हा स्वयंपाकघरातला प्रश्न राहिला नाही. पाणी, खत, तोडणीची वेळ, मुळांचं आरोग्य यांपैकी काय चुकतंय, हे झाड आणि माती बघूनच सांगता येतं. फळझाडांच्या जाणकाराला किंवा कृषितज्ज्ञाला बोलवा. अंदाजाने खतं टाकत बसू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पिळताना अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ येत असेल, रात्री बोटं बधिर होत असतील, तर पिळणं बंद करा. मोठ्या प्रमाणात रस काढणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो, आणि साधन बदलून दुखणं थांबलं नाही तर ते स्नायूबंधाचं किंवा मज्जातंतूचं असू शकतं. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतील.

लिंबाचा रस किंवा सालीचं तेल हाताला लागलेलं असताना उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. लाईम जातीच्या लिंबांत हा धोका जास्त असतो. सालीतली काही द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेला इजा करतात. हे लगेच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओघळाच्या आकाराचा लाल पट्टा, कधी फोड, आणि नंतर बरेच आठवडे राहणारा तपकिरी डाग. उघड्यावर, उन्हात लिंबं पिळायची असतील तर हातमोजे घाला. नाहीतर सावलीत पिळा आणि उन्हात जाण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. फोड आले तर फोडू नका, त्यावर घरगुती लेप लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

डोळ्यात रस गेला तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. त्यानंतरही दुखणं, लाली किंवा धूसरपणा राहिला तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. सुरीने कापलं आणि दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरूनही रक्त थांबलं नाही, किंवा बोटाचं टोक बधिर झालं, तर टाके किंवा मज्जातंतूची तपासणी लागू शकते. उशीर करू नका.

आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनसाचा रस घरात कोणासाठी काढत असाल, तर ती व्यक्ती कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेते का, हे आधी विचारा. या फळांतली काही द्रव्यं आतड्यात औषध मोडणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे सिमवास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन, फेलोडिपिन यांसारख्या काही औषधांचं प्रमाण रक्तात वाढतं. गोळी आणि रस यांच्यात काही तासांचं अंतर ठेवून हे टळत नाही, कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. डॉक्टरांनी किंवा औषधविक्रेत्याने चालेल असं सांगेपर्यंत त्या व्यक्तीसाठी मोसंबी पिळा.